वसंतातला पिसारा आणि 'हा दुर्मीळ आहे का?'

जुनीदुर्बीण

ऊन तापू लागलं की पक्षीनिरीक्षकांच्या प्रत्येक गटात एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून यायला लागतो. पाण्याच्या कडेला मान आत ओढून बसलेला बगळा. पाठ गर्द जांभळट तांबडी, डोकं फिकट पिवळसर, डोक्यावरून मागे लोंबणारी दोन-तीन लांब पिसं. खाली प्रश्न: 'हा दुर्मीळ आहे का? पुस्तकात सापडत नाहीये.'

तो वंचक असतो, आपली ढोकरी. थंडीभर त्याच काठावर मातकट रेघांची गोधडी पांघरून बसलेला, ज्याच्याकडे आपण ढुंकूनही पाहिलं नाही तोच. विणीचा हंगाम आला की त्याची पिसं बदलतात आणि ओळखीचा माणूस लग्नातही ओळखू येऊ नये तसं होतं.

वसंतातल्या नोंदींबद्दल निवांत बोलता यावं म्हणून हा धागा काढतोय. माझं म्हणणं थोडक्यात असं: या दिवसांत दुर्मीळ पक्षी दिसतात, अगदी खरे दिसतात, पण ते त्यालाच दिसतात ज्याला साध्या पक्ष्यांचे वसंतातले सगळे अवतार पाठ आहेत. बाकीच्यांना रोजच काहीतरी दुर्मीळ दिसत असतं.

अवतार म्हणजे काय ते सांगतो. गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण चिमण्याच्या नराचं नीट पाहिलंय का कधी? त्याच्या गळ्यावरचा काळा पट्टा वसंतात ठसठशीत होतो, तो नवी पिसं येऊन नाही. शरद ऋतूत आलेल्या पिसांची टोकं राखाडी असतात, ती थंडीभर झिजतात आणि खालचा काळा उघडा पडतो. थिरथिऱ्याच्या नराचंही तेच. नोव्हेंबरात धुरकट दिसणारा नर मार्च संपता संपता चक्क काळा दिसतो. म्हणजे एकाच पक्ष्याचे, एकाच पिसांचे, दोन वेगळे फोटो.

पिवळ्या धोब्यांची तर या दिवसांत चंगळ असते. थंडीत सगळे सारखेच मळके, आणि परतीला निघण्याआधी नरांची डोकी रंगतात. कुणाचं राखाडी, कुणाचं निळसर आणि वर पांढरी भुवई, कुणाचं पार काळं. उपजाती ओळखायच्या तर हेच दिवस. एकदा गेले की गेले.

आणि एक गंमत, जी पुस्तकात क्वचितच सापडते: परागकण. पळस, पांगारा, सावर फुलले की चष्मेवाले, वटवटे, शिंजीर सगळे फुलात तोंड खुपसतात आणि कपाळावर नाहीतर हनुवटीवर पिवळा-केशरी लेप घेऊन फिरतात. लेप वाळला की असा घट्ट बसतो की पिसांचाच रंग वाटावा. 'केशरी कपाळाचा अनोळखी वटवट्या' दिसला तर आधी आजूबाजूला काय फुललंय ते बघा.

तुमच्या या हंगामातल्या वेगळ्या नोंदी इथे टाका. फक्त नावाआधी वर्णन लिहा. नाव आधी ठरलं की डोळे त्याच नावाला पुरावे गोळा करत बसतात.

---

सुगरण

परागकणांचं आत्ता कळलं. वाचनखूण साठवली आहे.

---

शंकासुर

सगळं मान्य, पण एक शंका. 'आधी साधा समजा' हा नियम धरून बसलं तर खरा दुर्मीळ पक्षी समोर येऊनही आपण 'वंचकच असणार' म्हणून पुढे नाही का जाणार? अतिउत्साही लोक आहेत तसे अतिशहाणेही आहेत. गटावर कुणी फोटो टाकला की पाहायच्या आधीच 'कॉमन आहे' लिहून मोकळे होतात.

---

माळटिटवी

शंकासुर यांना अनुमोदन, आणि योगायोग बघा, मला वंचकाबद्दलच विचारायचं होतं.

काल संध्याकाळी एका तळ्याच्या काठावर वंचकांमध्येच एक वेगळा दिसला. आकार तोच, बसायची ढब तीच. डोकं आणि मान पूर्ण तपकिरी-लाल, वाळलेल्या रक्ताच्या रंगाची म्हणा. फोटो आहेत पण सूर्य अगदी खाली होता. चिनी वंचक म्हणजे चायनीज पाँड हेरॉन असू शकतो का? थेट विचारते कारण पुस्तकात त्याचंच चित्र जुळतंय. उद्या सकाळी परत जाणार आहे. काय काय बघू?

---

जुनीदुर्बीण

माळटिटवी, प्रश्न छान आहे आणि वेळही अगदी योग्य. हे दोघे थंडीत एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. थंडीतल्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे चिनी वंचक सांगत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करा. जी खात्री होते ती विणीच्या पिसाऱ्यातच.

बघायचं ते असं:

आधी पाठ. आपल्या वंचकाची पाठ जांभळट तांबडी असते आणि डोकं-मान फिकट, बदामी-पिवळसर. चिनी वंचकाचं उलट. डोकं, मान, छाती गर्द तांबूस आणि पाठ काळपट, पाटीच्या रंगाची. म्हणून फक्त डोक्याच्या फोटोवर निकाल लावू नका. मावळतीचं ऊन बदामी डोक्यालाही लाल करतं, आणि कॅमेऱ्याचं स्वयंचलित रंगसंतुलन त्यात आणखी भर घालतं. सकाळी सावलीतला एक तरी फोटो घ्या.

दुसरं, छातीचा तांबूस रंग खाली पोटाकडे कुठे आणि कसा संपतो ते बघा. तिसरं, शेजारी साधा वंचक असेल तर दोघे एकाच चौकटीत घ्या. रंगाच्या वादात याच्याइतका उपयोगी फोटो दुसरा नाही.

पिसं अर्धवट बदललेली असतील तर डोक्यावर आणि पाठीवर डाग-डाग दिसतील. तसं असेल तर नवी पिसं कुठल्या रंगाची येतायत तेवढंच बघा, जुनी सोडून द्या.

शंकासुर, तुमच्या शंकेचं उत्तर यातच आहे. साधा समजायचा म्हणजे बघायचं सोडायचं नाही. साधा समजून बघत राहायचं, आणि काय जुळत नाही ते शोधायचं.

---

पाणथळ

वरच्या वर्णनात एक भर: जावन पाँड हेरॉन विसरू नका. पाठ त्याचीही काळपट असते, पण डोकं-मान फिकट सोनेरी आणि तांबूसपणा फक्त छातीवर. त्यामुळे 'पाठ काळी' एवढ्यावर चिनी ठरत नाही, डोकं आणि पाठ दोन्ही लागतात. संकराची शक्यताही डोक्यात असू द्या. बगळ्यांच्या जातीत असले प्रकार होतात.

पायांच्या रंगावर फार भिस्त ठेवू नका. ऐन विणीच्या वेळी थोडे दिवस वंचकाचे पाय लालसर होतात आणि लोक तेवढ्यावरून नवी जात जाहीर करतात.

---

अक्षांश

पक्षी वसंतात भलतीकडे का पोहोचतात यावर थोडं लिहितो, कारण नुसतं 'वाट चुकला' म्हणून सोडून देण्यात मजा नाही.

शरद ऋतूत भरकटणाऱ्यांत पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली पिल्लं खूप असतात. वसंतातला प्रवास बहुतेक अनुभवी पक्ष्यांचा असतो आणि त्यात घाई असते. आधी पोहोचेल त्याला चांगली जागा. बऱ्याच जातींत नर माद्यांच्या आधी पोहोचतात ते याचसाठी. एकूणच परतीचा प्रवास जाण्याच्या प्रवासापेक्षा कमी दिवसांत उरकला जातो.

आता ही घाई आणि पाठीमागून वारा, दोन्ही जुळून आले की पक्षी आपल्या विणीच्या प्रदेशाच्या पुढे निघून जातो. इंग्रजीत याला ओव्हरशूटिंग म्हणतात. याचं उदाहरण म्हणजे आपला हुदहुद. आपल्याला त्याचं काय कौतुक? गवतात चोच खुपसत फिरतच असतो. पण तोच ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर वसंतात दिसला की लोक दुर्बिणी घेऊन धावतात. भूमध्य समुद्राच्या बाजूला थांबायचं ते निरभ्र आकाश आणि दक्षिणेचा वारा मिळाल्यावर इंग्लिश खाडी ओलांडून पुढे जातात. युरोपीय वेडा राघू तसाच. 1955 साली इंग्लंडमध्ये ससेक्सला त्याची यशस्वी वीण झाली, पुढे 2002, 2014 आणि 2022 मध्येही त्याने इंग्लंडात वेगवेगळ्या ठिकाणी घरटी केली. म्हणजे पुढे निघून गेलेला पक्षी कधी कधी तिथेच संसारही थाटतो.

दुसरं कारण हवामान. छोटे पक्षी बहुतेक रात्री उडतात. वाटेत पाऊस किंवा समोरून जोराचा वारा लागला की सगळे मिळेल त्या झाडीत उतरतात. अमेरिकेत मेक्सिकोचं आखात ओलांडून एप्रिलमध्ये उत्तरेकडे येणारे पक्षी असे अडकले की टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या चार झाडांत वीस जातींचे वॉर्बलर दिसू शकतात. निरीक्षकांची चैन, पण पक्ष्यांचे हाल. थकून जमिनीवर बसलेले असतात. त्यांच्या जवळ जाऊन त्यांना उडवू नये, एवढं पथ्य पाळावं.

तेव्हा नुसती सुट्टी बघून बाहेर पडू नका, वारा बघून पडा. रात्री पाठीमागचा वारा आणि पहाटे पाऊस, असा योग आला तर अंथरुणात राहू नका.

तिसरं, अमूर ससाणे. जाताना नागालँड-मणिपुरात लाखोंनी एकत्र उतरतात म्हणून सगळ्यांना माहीत. परतताना एप्रिल-मे मध्ये आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून येतात, पण तेव्हा असे एका जागी गोळा होत नाहीत, विखरून जातात. म्हणून वसंतात एकटादुकटा दिसला तरी नोंद मोलाची. उंचावरून जाणाऱ्या ससाण्यांकडे या दिवसांत मान वर करून बघत जा.

अवांतर: माळटिटवींचा पक्षी चिनी निघाला तर तो पूर्वेकडच्या थंडीतल्या मुक्कामावरून उत्तरेला जाण्याऐवजी इकडे कसा आला, की थंडीभर इथेच वंचकांत मिसळून बसला होता आणि आता पिसांनी चुगली केली? मला दुसरं जास्त पटतं.

---

सुगरण

अक्षांश, शेवटचा परिच्छेद भारी! असं किती जण थंडीभर लपून बसत असतील.

मर्लिन ॲपबद्दल विचारायचं होतं. आवाजावरून ते नावं दाखवतं त्यातली किती खरी धरायची? सकाळी आमच्या झाडावर शिक्रा दाखवला. बाहेर येऊन बघते तर कोतवाल.

---

पाणथळ

कोतवालच. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. भृंगराज तर त्याच्याही वरताण, आणि हरेवाही कमी नाही. गाण्याचे दिवस आहेत, नकलाकारांचा बाजार भरलेला असतो. ॲपने नाव दाखवलं म्हणजे 'या दिशेला बघ' एवढंच समजायचं. पक्षी डोळ्यांनी दिसला नाही किंवा आवाज स्वतः ओळखता आला नाही तर यादीत लिहू नये. रेकॉर्डिंग मात्र जपून ठेवा, नंतर दुसऱ्याला ऐकवता येतं.

---

माळटिटवी

सकाळी जाऊन आले. पक्षी तिथेच! आधी वर्णन लिहिते, वहीत जसं लिहिलंय तसं:

उजेड मागून, आकाश थोडं ढगाळ. डोकं, मान आणि छाती सलग गर्द तांबूस, मध्ये रेघा नाहीत. छातीचा रंग खाली जास्तच गडद होतो आणि मग एकदम पांढरं पोट. पाठीवरची लांब पिसं काळपट राखाडी, उन्हात आल्यावरही त्यात तांबडी झाक दिसली नाही. चोच पिवळी, टोक काळं. पाय पिवळट. शेजारच्या दगडावर साधा वंचक बसला होता, दोघांचा एकत्र फोटो मिळाला. त्याची पाठ जांभळट आणि याची काळी, फरक लांबूनही कळत होता. उडाल्यावर पंख पांढरेशुभ्र, इतर वंचकांसारखेच.

पाच फोटो चढवले आहेत. एकही कापलेला नाही, रंग बदललेले नाहीत.

---

जुनीदुर्बीण

वा! एकत्र फोटो बघितला. माझ्या मते चिनी वंचकच. पिसं पूर्ण बदललेली आहेत, त्यामुळे गोंधळाला फार जागा नाही. संकराची पाठ इतकी स्वच्छ काळी असेल असं वाटत नाही, पण पाणथळ यांनी बघावं.

---

पाणथळ

मलाही चिनीच वाटतो. छाती आणि डोकं एकाच रंगात, पाठ काळपट, तांबडी झाक कुठेही नाही. अभिनंदन! ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, यादी टाका आणि वर लिहिलंय ते वर्णन जसंच्या तसं टिप्पणीत डकवा. मूळ फोटो पुसू नका.

---

शंकासुर

अभिनंदन माळटिटवी! आता माझी पुढची शंका, रागावू नका. ई-बर्डवर टाकलं की कुणीतरी अनोळखी तपासनीस 'पुरावा अपुरा' म्हणून नोंद बाजूला ठेवतो. पक्षी बघितला आम्ही, ठरवणार ते. हे कसलं शास्त्र?

---

कागदपत्रे

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या प्रश्नासाठीच.

तपासणी का लागते याच्या दोन गोष्टी. पहिली इंग्लंडातली. 1892 ते 1930 या काळात ससेक्सच्या हेस्टिंग्ज परिसरातून दुर्मीळ पक्ष्यांचा नुसता रतीब लागला होता. बहुतेक नमुने जॉर्ज ब्रिस्टो नावाच्या, मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरणाऱ्या कारागिराच्या हातून आलेले. 1962 साली 'ब्रिटिश बर्ड्स' मासिकात या नोंदींची चिरफाड झाली. शेजारच्या भागांशी आणि नंतरच्या काळाशी आकडे ताडून पाहिले, आणि इतके दुर्मीळ पक्षी एकाच ठिकाणी येणं शक्यच नाही असा निष्कर्ष निघाला. त्यातून 29 जाती-उपजाती ब्रिटिश यादीतून काढल्या गेल्या. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच पुढे खऱ्या पुराव्यानिशी यादीत परत आल्या. पक्षी खोटे नव्हते, नोंदी खोट्या होत्या.

दुसरी गोष्ट आपल्या रानपिंगळ्याची, आणि ती जास्त चीड आणणारी. या घुबडाचे खरे नमुने 1884 नंतर मिळालेच नव्हते. फक्त एक नमुना 1914 सालचा म्हणून ब्रिटनच्या संग्रहालयात होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळाल्याचं लेबल लावलेला. शेवटची नोंद तीच, म्हणून शोधणारे तिकडेच शोधत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो जेम्स डेव्हिडसनने 1880 च्या दशकात खानदेशात मिळवलेला जुना नमुना होता. संग्रहालयातून उचललेला, पुन्हा भरलेला, नवं लेबल डकवलेला. मग रासमुसेन आणि त्यांचे सहकारी मांडवीची नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. 113 वर्षांनी.

एका खोट्या लेबलाने शोधाची दिशा चुकवली. ती जुनी नोंद कुणी वेळीच खोदून पाहिली असती तर?

राहिला प्रश्न अपमानाचा. ई-बर्डवर नोंद मान्य झाली नाही तरी तुमच्या स्वतःच्या यादीत ती राहते, फक्त सार्वजनिक नकाशांत येत नाही. तपासणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांनी आणखी फोटो मागितले म्हणजे तुम्हाला खोटं ठरवलं असं नाही.

---

शंकासुर

रानपिंगळा सापडला एवढंच माहीत होतं, मागची भानगड माहीत नव्हती. कागदपत्रे, दंडवत घ्या. शंका मागे घेतो, तूर्तास.

---

रानवेडी

सगळं छान चाललंय, पण माळटिटवी, एक विनंती. फोटोंबरोबर तळ्याचं नाव टाकलंय ते काढता का? विणीचे दिवस आहेत. तिथे वंचकांची वसाहत असेल तर शनिवार-रविवारी काय होईल सांगायला नको.

गेल्या हंगामात एका स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचं ठिकाण कुणीतरी गटावर टाकलं. दोन दिवसांत तिथे कॅमेऱ्यांची रांग. उजेड यावा म्हणून कुणीतरी घरट्यासमोरची फांदी मोडली. सावली गेली, आडोसा गेला. घरटं सोडून दिलं त्या जोडीने. घरट्यांचे फोटो तर टाकूच नयेत असं माझं स्पष्ट मत. आणि मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणं हा या दिवसांत सरळ सरळ छळ आहे. तो बिचारा पिल्लांना भरवायचं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो.

---

माळटिटवी

काढलं. ई-बर्डवरही यादी लपवून ठेवते तूर्तास.

---

अक्षांश

रानवेडी, घरट्याबाबत शंभर टक्के सहमत. पण 'ठिकाण कधीच सांगू नये' यावर थोडा वाद घालतो. 2012 साली नागालँडात अमूर ससाण्यांची प्रचंड शिकार होते हे चित्रीकरणासकट जगासमोर आलं, म्हणूनच पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. ठिकाण लपवलं असतं तर शिकार चालूच राहिली असती. स्कॉटलंडात ऑस्प्रेचं, म्हणजे कैकराचं, तेच. लॉक गार्टनला 1958 साली राखण असूनही अंडी चोरीला गेली. पुढच्या वर्षी पक्षीसंरक्षण संस्थेच्या जॉर्ज वॉटर्स्टन यांनी गुप्तता सोडून लोकांनाच लांबून घरटं बघायला बोलावलं. इतके डोळे रोखलेले असताना चोराची हिंमत होत नाही.

---

रानवेडी

दोन्ही उदाहरणं मान्य, आणि दोन्हींत राखण होती. नागालँडात गाव उभं राहिलं, स्कॉटलंडात पहारा आणि बघायची ठरलेली जागा होती. आपण गटावर नुसतं लोकेशन फेकतो आणि मागे पहारा कुणाचाच नसतो. पहारा ठेवणार असाल तर खुशाल सांगा.

---

अक्षांश

हे पटलं. सांगायचं तर राखणदारासकट सांगायचं, नाहीतर पिल्लं उडेपर्यंत गप्प. ई-बर्ड काही संवेदनशील जातींची ठिकाणं आपोआप लपवतं, पण वंचक त्यात नसणार. ते आपल्यालाच बघावं लागेल.

---

सुगरण

धाग्याची दिशा पाहून भीती वाटत होती, पण चक्क भांडण न होता वाद संपला! अवांतराबद्दल क्षमस्व. आमच्याकडे कपाळावर केशरी लेप लावलेला चष्मेवाला आज दिसला. समोर पांगारा फुललेला. फोटो हलला आहे, पण टाकते.

---

माळटिटवी

अपडेट. तपासणाऱ्यांनी दोन गोष्टी मागितल्या: पाठीचा उजव्या बाजूने एक फोटो, आणि पक्षी इतर वंचकांबरोबर चारा शोधतो की वेगळा राहतो याची नोंद. पाठीचा फोटो आधीच्यांत होता, तो पाठवला. दुसऱ्यासाठी आज लांबून, स्कोप लावून तासभर बसले. तो वंचकांतच असतो, पण काठाच्या एकाच टोकाला, आणि दुसरा जवळ आला की मान ताणून अंगावर जातो. अजून काही बघण्यासारखं असेल तर आत्ताच सांगा, कारण हवा बदलतेय आणि तो फार दिवस थांबेल असं वाटत नाही.

---

पाणथळ

काडी चोचीत घेऊन जाताना दिसतो का तेवढं बघा. दिसलाच तर मागे मागे जाऊ नका, वेळ आणि दिशा वहीत लिहा. उरलेलं इथेच लिहा, नवा धागा नको.